पॅरलल पार्किंग: गाडी उलटीच का घालायची आणि कशी

रस्त्याच्या कडेला, फुटपाथला समांतर, एकामागे एक अशी गाडी लावणं म्हणजे पॅरलल पार्किंग. कड रिकामी असेल तर यात शिकण्यासारखं काही नाही. कडेला घ्या, थांबा, उतरा. खरी परीक्षा असते ती दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या जागेत शिरताना. मागे रिक्षा हॉर्न वाजवतेय, डावीकडची कड ड्रायव्हरच्या सीटवरून दिसत नाही आणि फुटपाथवरून कुणीतरी "येऊ द्या, येऊ द्या" करत हात हलवतोय. (त्याचं "बास!" हमखास एक सेकंद उशिरा येतं.)

बरेच जण हे काम पाठ करतात: अमुक खांब आरशात दिसला की स्टीअरिंग इतकं फिरवायचं. मग गाडी बदलते, नाहीतर खांब नसलेला रस्ता येतो आणि पाठांतर कोलमडतं. गाडी वळते कशी हे एकदा डोक्यात बसलं की काहीच पाठ करावं लागत नाही.

मागची चाकं कधीच वळत नाहीत

नेहमीच्या गाड्यांत स्टीअरिंगने फक्त पुढची चाकं वळतात. मागची चाकं गाडीच्या अंगाशी कायम सरळच असतात. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवून गाडी हळू चालवली, तर चारही चाकं चार वेगवेगळ्या वर्तुळांवर फिरतात, पण चारही वर्तुळांचं केंद्र एकच असतं. ते केंद्र मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या रेषेवर, गाडीच्या बाहेर कुठेतरी पडतं. आतलं पुढचं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं ते याचसाठी. ही रचना 'अ‍ॅकरमन स्टीअरिंग' म्हणून ओळखली जाते. मूळ कल्पना म्युनिकच्या गेऑर्ग लँकेनस्पर्गरची, घोडागाडीसाठी केलेली. रुडॉल्फ अ‍ॅकरमनने 1818 मध्ये लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं आणि नाव त्याचंच राहिलं.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: वळताना मागचं टोक पुढच्यापेक्षा आतून जातं. गल्लीत वळताना पुढचा बंपर व्यवस्थित सुटतो आणि मागचं दार भिंतीला घासतं, ते यामुळेच. दुसरी: गाडीचं पुढचं टोक आडवं झोकता येतं, मागचं येत नाही. मागचं टोक जायचं तिथे सरळ रेषेत किंवा सौम्य वळणाने न्यावं लागतं. पुढचं टोक मात्र जवळजवळ जागच्या जागी डावी-उजवीकडे वळवता येतं.

आता दोन गाड्यांच्या मधल्या फटीचा विचार करा. तोंड आधी घातलंत तर पुढचं टोक कडेला पोचेल, पण मागचं रस्त्यावर राहील. ते आत ओढायला काहीच साधन नाही, कारण मागची चाकं वळतच नाहीत. पुढे जात जात ते हळूहळू आत येईल खरं, पण त्यासाठी साधारण दोन गाड्यांएवढी जागा लागते. उलट, न वळणारं टोक आधी कोपऱ्यात नेऊन ठेवलं, तर वळणारं टोक मागाहून आत झोकता येतं. रिव्हर्समध्ये गाडी घालायची ती एवढ्यासाठीच. गोदामातली फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, म्हणून ती तोंड पुढे ठेवूनच अरुंद फटीत शिरते. रिव्हर्समधली आपली गाडी म्हणजे तीच फोर्कलिफ्ट.

जागा किती हवी

लंडनच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातले गणिताचे प्राध्यापक सायमन ब्लॅकबर्न यांनी 2009 मध्ये याचं सूत्र मांडलं. त्यातली युक्ती साधी आहे: गाडी आत शिरतेय असं न मानता ती आत उभीच आहे आणि स्टीअरिंग पूर्ण फिरवून एका दमात बाहेर निघतेय असं समजायचं. तिचा पुढचा कोपरा पुढच्या गाडीच्या मागच्या कोपऱ्याला न लागता जेमतेम सुटला पाहिजे. त्याला किती मोकळी जागा हवी ते काढायचं. बाहेर निघण्याचा मार्ग आणि आत येण्याचा मार्ग एकच, फक्त दिशा उलटी. सूत्रात चार मापं लागतात: टर्निंग रेडियस (स्टीअरिंग पूर्ण फिरवल्यावर गाडी ज्या वर्तुळात वळते त्याची त्रिज्या), पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, पुढच्या चाकापुढे आलेला गाडीचा भाग आणि पुढच्या उभ्या गाडीची रुंदी.

स्विफ्टसारख्या गाडीची मापं घ्या: लांबी 3.86 मीटर, चाकांतलं अंतर 2.45 मीटर, टर्निंग रेडियस 4.8 मीटर. पुढची गाडी 1.7 मीटर रुंद धरली तर गाडीच्या लांबीपेक्षा सुमारे 1.4 मीटर जास्त जागा लागते. इनोव्हा क्रिस्टाची मापं घातली (चाकांतलं अंतर 2.75, टर्निंग रेडियस 5.4) तरी उत्तर दीड मीटरच्या आसपासच येतं. म्हणजे मोठ्या गाडीला लागणारी वरची जागा फारशी वाढत नाही, वाढते ती तिची स्वतःची लांबी. "मोठी गाडी आहे, लावता येणार नाही" ही भीती निम्मी तरी निराधार आहे.

अर्थात 1.4 मीटर हे कागदावरचं गणित. त्यात चुकायला एक सेंटिमीटरही जागा नाही. सराव असलेल्याला गाडीची लांबी अधिक दीड मीटर पुरतं. शिकणाऱ्याने गाडीच्या दीडपट जागा शोधावी, म्हणजे स्विफ्टला पावणेसहा मीटरच्या आसपास. टेप घेऊन कुणी उतरत नाही, म्हणून नजरेचा अंदाज असा करा: जागेशेजारून जाताना आपली गाडी तिच्यात मनातल्या मनात ठेवा आणि वर आपल्याच गाडीच्या पुढच्या-मागच्या दोन दारांएवढी जागा उरते का ते पाहा. उरत असेल तर घाला. एका दाराएवढीच उरत असेल तर ती जागा अनुभवी माणसासाठी सोडून पुढे चला.

आता प्रत्यक्ष

खालचं सगळं भारतासाठी आहे: स्टीअरिंग उजवीकडे, गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला.

जागा दिसली की लगेच डावा इंडिकेटर द्या आणि वेग कमी करा. मागच्याला आधी कळलं तर तो अंतर ठेवून थांबतो. कळलं नाही तर तो तुमच्या बंपरला चिकटतो आणि मग मागे यायला रस्ताच उरत नाही. जागा ओलांडून पुढच्या उभ्या गाडीच्या बाजूला समांतर उभे राहा. दोन्ही गाड्यांत पाऊण मीटर, म्हणजे अडीच फूट अंतर असावं. फूटभर इकडेतिकडे चालतं, पण समांतर उभं राहण्यात तडजोड नको. तिरके उभे राहिलात तर पुढचे सगळे कोन चुकतात. तुमचा मागचा बंपर त्या गाडीच्या मागच्या बंपरच्या रेषेत आणा.

रिव्हर्स टाका. आरसे बघा, मान वळवून मागच्या काचेतून बघा. गाडी अर्ध्या क्लचवर (ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक किंचित सैल करून) मुंगीच्या वेगाने सरकू द्या आणि सरकतानाच स्टीअरिंग पूर्ण डावीकडे फिरवा. बहुतेक गाड्यांत मधून टोकापर्यंत साधारण दीड फेरा असतो. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवलं तर टायर जमिनीवर जागच्या जागी घासतो आणि स्टीअरिंगच्या जोडणीवर ताण येतो. कधीमधी चालेल, सवय नको.

आता गाडीचं मागचं टोक कडेकडे जातं आणि पुढचं उजवं टोक रस्त्यात येतं. हे बाहेर येणं शिकणारे विसरतात. शेजारून जाणारा दुचाकीवाला तुमच्या मागच्या दिव्याकडे बघत असतो आणि अचानक तुमचं तोंड त्याच्यासमोर येतं. म्हणून स्टीअरिंग फिरवण्याआधी उजवा आरसा बघायचा आणि फिरवताना पुन्हा बघायचा.

फुटपाथशी सुमारे 45 अंशांचा कोन झाला की थांबा. कोन ओळखायची सोपी खूण म्हणजे उजवा आरसा: मागच्या उभ्या गाडीचे दोन्ही हेडलाइट त्यात दिसू लागले की कोन झाला. जागा जेमतेम असेल तर कोन थोडा कमीच ठेवा, 35 ते 40 अंश.

इथे स्टीअरिंग सरळ करा आणि त्याच तिरक्या रेषेत मागे जा. कुठपर्यंत? तुमचा पुढचा डावा कोपरा पुढच्या गाडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्याच्या मागे सुटेपर्यंत. डाव्या आरशात मागचं डावं चाक आणि फुटपाथची कड यांतलं अंतर बघत राहा. आरसा बटणाने थोडा खाली झुकवून ठेवला तर चाक आणि कड दोन्ही दिसतात. काही गाड्यांत रिव्हर्स टाकताच तो आपोआप झुकतो.

कोपरा सुटला की सरकत्या गाडीत स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे. मागचं टोक जवळपास जागेवर राहतं आणि पुढचं झपकन आत येतं. गाडी समांतर झाली की स्टीअरिंग सरळ करा आणि थोडं पुढे घेऊन दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभे राहा. पुढे-मागे निदान अर्धा मीटर सोडा, नाहीतर त्या दोघांपैकी एकाला निघताच येणार नाही. फुटपाथपासून टायर 15 ते 30 सेंटिमीटरवर असावा.

कुठे चुकतं आणि का

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार: गाडी आत गेली, पण कडेपासून दोन-तीन फूट लांब राहिली. कारण बहुधा स्टीअरिंग उजवीकडे फिरवायची घाई. मागचं टोक कोपऱ्यात पोचण्याआधीच पुढचं आत घेतलं की गाडी रांगेच्या बाहेर समांतर होते. दुसरं कारण, पहिला कोनच फार उथळ होता. सुरुवातीला पुढच्या गाडीपासून चार-पाच फूट लांब उभे राहिलात तरी हेच होतं, कारण तेवढं आडवं अंतर कापायला फटीत लांबीच नसते.

याच्या उलट चूक म्हणजे मागचं डावं चाक फुटपाथवर चढणं. एक तर कोन 45 च्या फार वर गेला, नाहीतर तिरक्या रेषेत गरजेपेक्षा जास्त मागे गेलात. चाक कडेला टेकलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबून चढवू नका. टायरची बाजू हा त्याचा सगळ्यात कमकुवत भाग. आतले धागे तुटले की तिथे फुगा येतो आणि असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. अलॉय व्हील खरवडतं, जोराचा धक्का बसला तर अलाइनमेंटही बिघडते.

पुढच्या गाडीला तुमची डावी बाजू, म्हणजे मागचं दार किंवा त्यामागचा पत्रा घासला, तर तुम्ही पहिलं वळण लवकर घेतलंत. बंपर जुळण्याआधी स्टीअरिंग फिरवलं की त्या गाडीचा कोपरा तुमच्या वळणाच्या वर्तुळात येतो. पुढच्या डाव्या बंपरने तिला ठोकलंत, तर दुसरं वळण लवकर घेतलंत. दोन्ही वेळी घासणारी गाडी तीच, पण चुका वेगळ्या. कुठला पत्रा घासला ते पाहिलं की कारण कळतं.

एक गोष्ट मात्र शिकवणारेही क्वचित सांगतात. गाडी आत गेल्यावर कडेपासून लांब राहिली तर आतल्या आत पुढे-मागे करून ती कडेला फारशी सरकत नाही. पुढे-मागे अर्धा मीटरच जागा असेल तर एकेका फेरीत थोडंसंच अंतर मिळतं, क्लच तापतो आणि घाम निघतो. सरळ बाहेर या, पुढच्या गाडीशेजारी पुन्हा समांतर उभे राहा, नव्याने सुरुवात करा. तेच लवकर होतं.

सेन्सरबद्दल थोडं. 1 जुलै 2019 पासून भारतात बनणाऱ्या प्रवासी कारना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. ते ध्वनिलहरींवर चालतात. भिंत, बंपर यांसारखे सपाट, मोठे अडथळे त्यांना नीट कळतात. बारीक लोखंडी खांब, बुटकी कड, उघडं गटार किंवा खचलेलं चेंबर बऱ्याचदा कळतच नाही. खड्डा तर कळणारच नाही, कारण तिथून परत यायला काही नसतं. आपल्या रस्त्यांवर पावसाळी गटाराची जाळी नेमकी कडेलाच असते, त्यामुळे अनोळखी जागी एकदा उतरून बघणं यात कमीपणा नाही. गाडीने स्वतः स्टीअरिंग फिरवून पार्क होण्याची सोय टोयोटाने 2003 मध्ये जपानमध्ये प्रियसवर आणली. आज ती भारतातल्या काही महागड्या गाड्यांत मिळते. पण ब्रेकवर पाय तुमचाच हवा, आणि मध्येच स्कूटर घुसली तर जबाबदारीही तुमचीच.

अमेरिकेत गाडी चालवणाऱ्यांनी वरच्या सगळ्यात डावं-उजवं बदलून वाचावं. तिथे कडेपासूनचं अंतर नुसती शिस्त नाही, कायदा आहे: कॅलिफोर्नियात 18 इंच, न्यूयॉर्क राज्यात 12 इंच.

समांतर, तिरकं, काटकोनी

कडेला गाड्या कशा लावायच्या हे रस्ता बांधणारे ठरवतात. त्यांचं गणित कळलं की "इथे तिरक्या लावल्या असत्या तर दुप्पट मावल्या असत्या" हा वाद किती खरा ते समजतं. वाहतूक अभियंते हिशोबासाठी एका कारची जागा 5 मीटर × 2.5 मीटर धरतात. समांतर लावताना मागे-पुढे हलायला जागा हवी म्हणून लांबी 5.9 मीटर धरली जाते. शिकणाऱ्यासाठी वर सांगितलेले पावणेसहा मीटर याच्या अगदी जवळ आहेत.

फुटपाथची 50 मीटर कड घ्या. समांतर लावल्या तर 8 गाड्या मावतात. 45 अंशांत तिरक्या लावल्या तर 13, काटकोनात 20. म्हणजे वाद खरा आहे, पण अर्धाच. समांतर गाडी रस्त्याची अडीच मीटर रुंदी खाते. 45 अंशांत उभी गाडी 5.3 मीटर खाते, 60 अंशांत 5.6. शिवाय बाहेर निघताना मागे यायला आणखी एक लेन अडते. आठ-नऊ मीटरच्या पेठेतल्या रस्त्यावर काटकोनी रांग लावली तर वाहतुकीला उरतं काय?

तिरक्या पार्किंगचा दुसरा धोका निघतानाचा. तोंड आत घालून लावलेली गाडी आंधळेपणाने रहदारीत मागे येते. शेजारी उंच एसयूव्ही असेल तर ड्रायव्हरला अर्धी गाडी रस्त्यावर येईपर्यंत काही दिसत नाही. म्हणून मॉलच्या किंवा सोसायटीच्या काटकोनी जागेतसुद्धा उलटी घालून तोंड बाहेर ठेवणं शहाणपणाचं. शिरताना अर्धा मिनिट जास्त जातो, निघताना समोरचं सगळं दिसतं.

थांबणं, लावणं, अडवणं

निळ्या वर्तुळाला लाल कडा आणि एकच तिरकी लाल रेघ: नो पार्किंग. माणूस उतरवून लगेच निघता येतं, गाडी ठेवून जाता येत नाही. दोन रेघांची फुली असेल तर थांबायलाही मनाई. "मी गाडीतच बसलोय की" हे नो पार्किंगखाली उत्तर होत नाही. कुणाची वाट बघत, फोनवर बोलत उभं राहणं हे पार्किंगच, इंजिन चालू असो वा बंद. पुण्यात पी-१ आणि पी-२ अशा पाट्या दिसतात. विषम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला, सम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावायच्या. रात्री लावलेली गाडी मध्यरात्रीनंतर चुकीच्या बाजूला ठरू शकते, हे पाहुण्यांना उचलून नेलेल्या गाडीनंतरच कळतं.

पाटी नसली तरी काही जागा कायम वर्ज्य: फुटपाथवर, चौकाजवळ, वळणावर, पुलाच्या चढावर, झेब्रा क्रॉसिंग आणि सिग्नलजवळ, बसथांब्यावर, शाळा-रुग्णालयाच्या दारात, अग्निशमनाच्या नळासमोर, कुणाच्या फाटकासमोर. रस्त्याच्या चुकीच्या बाजूला, म्हणजे येणाऱ्या वाहतुकीकडे तोंड करून लावणंही नियमाविरुद्ध आहे. म्हणूनच दुतर्फा रस्त्यावर आपलं पॅरलल पार्किंग नेहमी डावीकडे होतं. उभ्या गाडीला खेटून दुसरी लावणं, ज्याला डबल पार्किंग म्हणतात, तेही. इंडिकेटरचे चारही दिवे लुकलुकत ठेवले की डबल पार्किंग माफ होतं ही समजूत कुठून आली कोण जाणे. ते दिवे बंद पडलेल्या गाडीसाठी आहेत.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 122 मध्ये धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी ठेवायला मनाई आहे, आणि कलम 127 प्रमाणे मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी उचलून नेता येते. कलम 126 कमी लोकांना माहीत असतं: सार्वजनिक जागी गाडी सोडून जाताना इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा, नाहीतर चालकाच्या जागेवर लायसन्सधारक माणूस बसलेला हवा. गाडी चालू ठेवून "दोन मिनिटांत आलो" म्हणत दुकानात शिरणं हा याचा भंग आहे.

हँडब्रेक, 'पी' आणि न्यूट्रल

ऑटोमॅटिक गाडीतला 'पी' म्हणजे ब्रेक नव्हे. गिअरबॉक्समध्ये दातेरी चक्राच्या खाचेत एक छोटा खटका अडकतो, बस. उतारावर थेट 'पी' टाकून पाय काढला तर गाडीचं सगळं वजन त्या खटक्यावर लटकतं आणि निघताना 'पी' काढताना ठक्कन आवाज येतो. बरोबर क्रम असा: ब्रेकवर पाय, गिअर 'एन'मध्ये, हँडब्रेक, पाय हळूच काढून वजन हँडब्रेकवर येऊ द्या, मग 'पी'.

मॅन्युअल गाडीत हँडब्रेकनंतर गिअर. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. पुढची चाकंही वळवून ठेवा. डाव्या कडेला उंच फुटपाथ आणि तोंड उताराकडे असेल तर चाकं डावीकडे, म्हणजे गाडी सुटली तर फुटपाथला टेकून थांबेल. तोंड चढाकडे असेल तर उजवीकडे, म्हणजे मागे घरंगळताना पुढच्या चाकाची मागची बाजू कडेला अडेल. फुटपाथच नसेल तर दोन्ही वेळी डावीकडे, गाडी रहदारीऐवजी कडेला जावी म्हणून. सॅन फ्रान्सिस्कोत 3 टक्क्यांहून जास्त उतारावर चाकं अशी वळवून ठेवणं बंधनकारक आहे. आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्यांवर कुणी सांगत नाही, पण करावं.

याच्या अगदी उलट रिवाज मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत आणि काही मॉलच्या वाहनतळांत दिसतो: गाडी दुसऱ्या गाड्यांसमोर आडवी लावा, हँडब्रेक सोडा, न्यूट्रलला ठेवा. मागच्याला निघायचं असेल तर तो किंवा वॉचमन ती ढकलतो. हे फक्त पूर्ण सपाट फरशीवर, आणि स्टीअरिंग सरळ ठेवूनच करायचं. चाकं वळलेली राहिली तर ढकललेली गाडी तिरकी जाऊन शेजारच्या दारावर आदळते. ऑटोमॅटिकमध्ये आणखी एक पंचाईत आहे. अनेक गाड्यांत 'पी' टाकल्याशिवाय चावी निघत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या काही गाड्यांत इंजिन बंद करताच तो आपोआप लागतो. अशा गाड्यांत काही ठिकाणी लिव्हरशेजारी झाकणाखाली बारीक बटण असतं. ते दाबलं की इंजिन बंद असतानाही लिव्हर 'एन'ला नेता येतो. कुठल्या गाडीत काय ते मॅन्युअलमध्ये असतं, आणि ते वॉचमनसमोर उभं राहून शोधण्यापेक्षा घरी वाचून ठेवलेलं बरं.

निघताना

रांगेतून बाहेर पडताना आधी जमेल तेवढं मागे जा. पुढे जितकी मोकळी जागा, तितका पुढचा डावा कोपरा सहज सुटतो. उजवा इंडिकेटर, उजवा आरसा, मग मान वळवून खांद्यावरून एक नजर, कारण आरशाच्या आंधळ्या कोपऱ्यात आख्खी दुचाकी मावते. सरकताना स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे. पुढचा डावा कोपरा सुटला तरी लगेच सरळ करू नका. तुमच्या दारांचा मधला भाग पुढच्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यापाशी येईपर्यंत धरून ठेवा. नाहीतर डावी बाजू घासते.

गाडी लावून उतरताना ड्रायव्हरचं दार रहदारीच्या बाजूला उघडतं. ते उजव्या हाताने न उघडता डाव्या हाताने उघडा. डावा हात दाराच्या खटक्यापर्यंत न्यायचा तर खांदा फिरतो, मान आपोआप मागे वळते आणि येणारा सायकलवाला दार उघडण्याआधी दिसतो. मागच्या सीटवरच्या मुलांना मात्र फुटपाथच्या बाजूनेच उतरवा.